प्रार्थनेसमोरचं पान

पाऊस असा तिरका येत होता की बसथांब्याचं छप्पर नावालाच होतं. तिच्या शेजारी एक तरुण नखशिखान्त भिजत उभा होता. रेनकोट होता त्याच्याकडे, पण तो त्याने कागदाच्या एका जाड गुंडाळीला घातला होता. बटणंसुद्धा लावली होती.

"आजारी आहे का ती?" तिने न राहवून विचारलं.

"नाजूक आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमच्या छत्रीत तिच्यापुरती जागा असेल तर... मी काय, वाळेन."

तिने छत्री पुढे केली. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब येऊन थांबला होता आणि तो पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता. तिला हसू आलं – तेवढ्यात रेनकोटाची कॉलर सरकली आणि गुंडाळीतून एक ओळखीचा चेहरा डोकावला. निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार. तिला अजिबात न आवडणारा.

"तुम्ही ह्याचं काम करता?"

"संध्याकाळी. पोस्टरं चिकटवतो. फुकट."

"म्हणजे मनापासून," ती म्हणाली. तिची बस आली, त्याचं तिला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, तर तो तिच्याच टेबलासमोर बसलेला.

धार्मिक पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात ती प्रुफं तपासायची. चुका इतक्या नेमक्या उचलायची की सगळे तिला 'चिमटा' म्हणत. प्रकाशनाची पद्धत जुनी होती. छापायला जाणारा प्रत्येक शब्द एकाने मूळ प्रतीतून मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचा. वाचणाऱ्या मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या होत्या, आणि त्यांच्या जागी मालकांनी – त्यांना सगळेच काका म्हणत – हा पोस्टरवाला नेमला होता.

त्याचा आवाज चांगला होता, हीच तर अडचण.

"हे दयाळा, स्वल्पविराम, आमच्या घरावर तुझी सावली असू दे, पूर्णविराम," तो वाचायचा. आणि त्याच सुरात पुढे, "चिमटाबाईंच्या गालाला शाई लागली आहे, पूर्णविराम."

"मूळ प्रतीत नाही ते," ती बोट न हलवता म्हणायची.

"नवी आवृत्ती आहे ना..."

हळूहळू ती सकाळी लवकर निघायला लागली. प्रुफं साचलीत, असं आईला सांगायची. आई "हो का" एवढंच म्हणायची.

मग ते पान आलं. घरोघरी लागणारं प्रार्थनांचं पुस्तक छापायला निघालं होतं. एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या फर्म्यात एक पान कोरं उरत होतं, आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेच्या बरोब्बर समोर. तिथे त्या उमेदवाराचा फोटो आणि आवाहन जाणार होतं. बदल्यात सगळी आवृत्ती तोच उचलणार होता.

तिने ते पान त्याच्यापुढे टाकलं. "हे तुम्हीच आणलंत."

"मी भिंतीवर चिकटवतो, पुस्तकात नाही. मलाही आज सकाळीच कळलं."

"हे छापलं तर मी इथे राहणार नाही. हे पुस्तक सगळ्यांच्या घरात जातं. त्याला निवडून देणाऱ्यांच्या आणि पाडणाऱ्यांच्याही."

त्याने पान उचलून वाचलं. "एक विचारू? तुमच्या आवडीच्या उमेदवाराचा फोटो असता तर?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण... "तर फोटो नीट उठलाय का, एवढंच बहुधा बघितलं असतं."

तो हसला नाही. "मला तो निवडून यायला हवाय. पण इथे नको. काकांना म्हटलं तसं. ते म्हणाले, आपापलं काम करा."

"मग करू या," ती म्हणाली. "शेवटचं वाचन ऐकायला काका स्वतः बसतात. नाटक नको. जसं आहे तसं वाचा."

दुपारी काका खुर्चीत डोळे मिटून बसले. तो वाचू लागला.

"हे कृपाळा, या अंथरुणापाशी बस. ज्याला झोप नाही त्याला झोप दे. जो उशाशी जागतो आहे त्याला धीर दे." तो समोरच्या पानावर आला. सूर जराही बदलला नाही. "आपल्या भागाच्या सर्वांगीण विकासासाठी कार्यक्षम नेतृत्व. येत्या रविवारी प्रचंड बहुमताने विजयी करा."

काकूंच्या शेवटच्या आजारात काका हेच पुस्तक घेऊन त्यांच्या उशाशी बसत, हे दोघांनाही माहीत होतं.

"ती असती तर तिने विचारलं असतं," काका हळू म्हणाले, "मधेच हा कोण बोलतोय?" त्यांनी डोळे उघडले, पेन काढलं आणि त्या पानावर आडवी रेघ मारली. "कोरं जाऊ दे. आवृत्ती खपायला वेळ लागेल... लागू दे. पण त्याला सांगणार कोण?"

"मी," पोस्टरवाला म्हणाला. "माझा माणूस आहे. रागावायचं तर मलाच रागावू दे."

तो गेला, आणि ती एकच ओळ पुन्हापुन्हा वाचत राहिली. उमेदवाराने त्याला गोड बोलून गुंडाळलं तर? अर्धं पान तरी द्या, असा निरोप घेऊन हा परत आला तर?

उन्हं कलता कलता तो आला. शर्ट चुरगळलेला, हात रिकामे.

"काय म्हणाला?"

"खूप काय काय म्हणाला. शेवटी विचारलं, मत तरी देणार ना?"

"मग?"

"देणार, म्हटलं."

"मी नाही देणार त्याला."

"ते मी धरूनच चाललोय." तो बसला, उठला, परत बसला. सगळं पुस्तक न अडखळता वाचणाऱ्या माणसाला एक वाक्य धड जुळवता येत नव्हतं. "मावशी सोमवारपासून येतायत. मला इथे यायचं कारण उरत नाही. म्हणजे... कारण नसताना आलो तर... तुमच्यासाठीच आलो तर चालेल?"

तिने समोरचं प्रुफ बाजूला सारलं.

"चालेल," ती म्हणाली. "पण आपलं पटणार नाही. भांडणं होतील."

"रोज?" त्याने इतक्या आशेने विचारलं की तिला हसूच फुटलं.

"रोज."