लाल रेषेखालचा थवा

वाचनालयाच्या गोल जिन्याच्या वळणावर आमची गाठ पडली, तेव्हा माझ्या हातात तारांचं भेंडोळं होतं आणि त्यांच्या हातात मीटर.

"दिवेवाल्या मॅडम तुम्हीच ना?" इमारतीचे तरुण वीज-अभियंते काट्यावरची नजर न काढता म्हणाले. "तुमची पाखरं फार खातात."

पाखरं म्हणजे जिन्याच्या पोकळीत छतापासून तळापर्यंत टांगलेला माझा एलईडी दिव्यांचा थवा. सारी इमारत छतावरच्या सौरऊर्जेवर चाले. माझ्या वाट्याची वीज मीटरवर लाल रेषेनं आखून दिलेली, आणि काटा रेषेच्या पलीकडे थरथरत होता. संध्याकाळी उद्घाटन होतं. काटा रेषेखाली आला नाही, तर माझं पहिलं स्वतंत्र काम अंधारातच लोंबकळणार होतं.

"अर्धी काढून टाका."

"मग थवा उरेल? तुमच्या डोक्यावरचे अर्धे केस काढू?"

ते हसले... बरे हसत होते. काटा मात्र जागचा हलला नाही.

तेवढ्यात ताईचा फोन. "झालं का गं?"

"होतंय."

"तुझं 'होतंय' म्हणजे बोंब! आधी आजूबाजूचे दिवे घालव. उजेडात उजेड काय दिसणार, कपाळ?"

मी पडदे ओढले, भिंतीवरचे दिवे मालवले, पाखरांची तोंडं भिंतीकडे वळवली. प्रकाश आता डोळ्यांत न खुपता भिंतीवरून ओघळू लागला. उरलं ते एवढंच— तो मंद होतोय हे कळणार नाही इतक्या सावकाश उतरवणं. माझे डोळे या थव्याला सरावलेले. मला परके डोळे हवे होते.

"त्या पायरीवर बसा," मी अभियंत्यांना म्हटलं. "मंद झाला वाटलं, की थांबा म्हणा."

त्यांचा मीटर समोर ठेवून, काट्यावर डोळे खिळवून मी उजेड कमी-जास्त करणारा डिमर फिरवू लागले. भीती वाटली की मी बडबडते, बडबडत राहिले. काटा रेषेखाली आला... आणखी खाली... तरी 'थांबा' नाही.

"आता?"

"छे. तसाच आहे. झळझळीत."

आनंदानं मी मान वर केली. थव्याची राख झाली होती.

"हे झळझळीत?"

त्यांचे कान लाल झाले. "खरं सांगू? मी... दिव्यांकडे पाहत नव्हतो."

"लोक दाराशी आलेत, आणि तुम्ही—" पुढचा शब्द मला सापडेना. राग हवा होता, तोही सापडेना. "परीक्षा बाद! पुन्हा बसा. माझ्याकडे पाठ करून."

ते निमूट वळून बसले. मी थवा पुन्हा पूर्ण उजळला, आणि या वेळी अक्षरही बोलले नाही. डिमर तसूतसूनं फिरत होता. काटा रेषेला टेकला. आता 'थांबा' नको, अजून थोडं... अजून...

"थांबा. आत्ता, किंचित."

काटा रेषेच्या केसभर खाली होता! मी मान वर केली. एकूण एक पाखरू उजळलेलं होतं. माझा श्वास मोठ्यानं सुटला.

"वळू?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"आधी परवानगी."

"कशाची?"

"...आधी दिव्यांची."

"दिली."

"मग वळा."

त्याच वेळी दार उघडलं. आत येणारा प्रत्येक जण मान वर करून जागच्या जागी थबकला.

आम्ही दोघं सोडून.