कोठीतल्या खालच्या फळ्या

नव्या घराचं दार उघडून ती आत आली, तर स्वयंपाकघरामागच्या कोठीतून मोजमापाच्या टेपचा सर्रकन आवाज! ती दारातच थबकली.

"कोण आहे?"

धुळीने भुरकटलेला एक तरुण डोकावला. "इंटिरिअरवाला. आपण?"

"घरमालक!"

त्याने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. वॉचमनने वरच्या घराऐवजी हिची किल्ली दिली होती. "म्हणजे... इतका वेळ परक्या कोठीत घाम गाळला मी?"

कित्येक दिवसांनी तिला हसू आलं. "मापं घेतलीच आहेत, तर करूनच द्या."

ती नर्स होती. ड्युटी संपली की इकडे यायची. बाहेर आभाळ कायम कुंद, आत ताज्या भुशाचा वास, आणि दोघांचे वाद.

"सगळ्या फळ्या इतक्या खाली? तुम्ही तर चांगल्या उंच आहात."

"आई बुटकी आहे. टाचा उंचावल्या की तिला चक्कर येते. दिव्याचं बटणही खाली घ्या."

"काकूंचंच राज्य दिसतंय! तुमच्यासाठी काहीच नको?"

"मला... तुमची बडबड पुरे," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

शेवटची फळी बसली त्या संध्याकाळी त्याने एक बुटकं स्टूल पुढे सरकवलं. उरलेल्या लाकडातून गुपचूप केलेलं.

"काकूंना बसून डबे भरता येतील. कधी येणार त्या?"

ती मटकन त्या स्टुलावरच बसली.

"आई गेली हो... घराचा ताबा मिळायच्या आधीच. ही कोठी तिनेच मनात मांडली होती. मला ती बदलवेना... तुमच्याशी मात्र खोटं बोलले."

तो समोर फरशीवर बसला. मग हळूच म्हणाला, "फळ्या वर घेऊ?"

"नको. मी वाकेन."

"बरं." तो अडखळला. "खोटं मीही बोललोय. हे काम कधीच उरकलं असतं... मीच लांबवत राहिलो. आज संपणार म्हणून सकाळपासून घास उतरला नाही."

अंधारून आलं होतं. दिवा लावायचं दोघांनाही सुचलं नाही. तिने ओढणीने डोळे पुसले.

"उद्या मला सुट्टी आहे. जुन्या घरून आईचे डबे आणायचेत. एकटीने... धीर होत नाही. याल?"

तो हो म्हणाला. पण आवाज इतका घोगरा झाला होता, की तिला पुन्हा विचारावं लागलं.