रंगनाथचं नाक

सकाळी सहाला घोडेगावच्या बाजारतळामागं स्फोट झाला. सविता चहा टाकायला आत गेली, काडी ओढली, आणि नव्वद टक्के भाजून नगरच्या दवाखान्यात पोचली. फौजदार कृपा गायकवाड आली तेव्हा घराचे पत्रे रस्त्यात पडले होते. शेगडीची नळी जळून गेली होती, पण तिच्या क्लिपचा स्क्रू पुरता सैल केलेला दिसला. उंदरांनी नळी कुरतडली असेल, असं शेजारी म्हणत होते.

"उंदीर स्क्रू फिरवत नाहीत," कृपा पुटपुटली.

दुपारपर्यंत तहसीलदारांनी सविताचा जबाब घेतलासुद्धा. कोरोनात आम्हा नवरा-बायकोचं, दोघांचंही नाक गेलं, वास येईना, गॅस सुटलेला कुणालाच कळला नाही, मालकांचा काही दोष नाही. झालं! मरणाऱ्या बाईचा शब्द, फाईल मिटायला आणखी काय लागतं? पण कृपाच्या डोक्यातून तो स्क्रू जाईना. तिनं सविताच्या नवऱ्याला, रंगनाथला, चौकीत बसवलं.

"स्फोटाआधी स्वयंपाकघरात गेला होतात?"

"दुधाची किटली आनाया गेल्तो. धा मिन्टं आधी."

"घर गॅसनं भरलेलं. वास आला नाही?"

"म्याडम, कोरोनापास्नं मला शेनाचाबी वास येत न्हाई."

"आणि सविताताईंना?"

बाकावरून सविताची आई आक्काबाई बोलली, "तिलाबी न्हाई. कांदा चिरताना डोळ्यातनं नुसती धार लागायची, अन् म्हनायची, आई, वास म्हून कसला तो येत न्हाई गं."

कृपा थबकली. तिनं कल्हईवाल्याकडून नवसागर आणि पानटपरीवरून चुना मागवला, रुमालात दोन्ही चोळले, तशी झणझणीत वाफ सुटली. तिची आई बेशुद्ध माणसाला असंच शुद्धीवर आणायची.

"हुंगा."

रंगनाथनं हुंगलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते त्यानं बाहीला पुसलं. "कायबी न्हाई."

"झोंबलंसुद्धा नाही?"

"देवाशपथ न्हाई."

"रंगनाथराव, इथंच फसलात. वास मेंदूकडं नेणारी नस वेगळी, झोंबणं नेणारी वेगळी. कोरोनानं वास जातो, झोंबणं राहतं. म्हणून सविताताईंना कांद्याचा वास येत नव्हता, पण डोळे वाहायचे. खरंच वास गेलेला माणूस म्हणाला असता, वास नाही, पण नाक जळतंय. तुम्ही जळणंसुद्धा लपवलंत. नाक गेलं म्हणजे सगळंच गेलं, असं वाटलं तुम्हाला."

रंगनाथचा चेहरा उतरला. "मागल्या साली वास परत आला," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "तिला बोललो न्हाई. ती सोडचिठ्ठी देईना. क्लिप मीच खोलली."

आक्काबाई बाकावरून उठून दारात जाऊन उभी राहिली.

पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. रुमाल तर मुळीच नाही. सवितानं जबाब बदलला तरच काही होणार होतं. आक्काबाईला घेऊन जीप नगरला पळाली.

डॉक्टर म्हणाले, पाचच मिनिटं. तहसीलदार कागद घेऊन उभे राहिले.

"आक्काबाई, तुम्हीच सांगा तिला," कृपा म्हणाली.

सवितानं डोळे उघडले. "आई, ह्यास्नी सोडलं का?"

आक्काबाईनं कृपाकडं पाहिलं. मग लेकीच्या जळालेल्या केसांकडं.

"व्हय बाई. सोडलं."

"जेवले का?"

"जेवला की. लई रडतोय तुज्यासाठी."

सवितानं समाधानानं डोळे मिटले. कृपाला भयंकर राग आला, पण तो काढायचा कुणावर?

साडेचारला सविता गेली. अग्नी द्यायला नवरा पाहिजे म्हणून भावकी चौकीच्या दारात येऊन थांबली. कृपाकडं कागदावर सविताचा तो एकच जबाब होता. तिनं रंगनाथला जाऊ दिलं.