सीताबाई मोंडकरांचा खरा दाखला

"हा दाखला चुकीच्या बाईचा आहे. मला बरोबर दाखला शोधून द्या," असं म्हणत भक्ती मोंडकरने दोन कागद टेबलावर ठेवले.

मालवणच्या बाजारातल्या त्या खोलीत ऋता खासगी तपासाची कामं घेत असे. विश्वेश तिचा जोडीदार. स्कूटर चालवणं, रांगेत उभं राहणं आणि घाईघाईने निष्कर्ष काढणं ही त्याची खाती. निदान एखादी घरफोडी तरी येईल म्हणून तो सकाळपासून आशेवर होता. आले ते जन्ममृत्यूचे दाखले. त्याचा चेहरा पडला.

भक्ती सावंतवाडीला शिक्षिका होती. घराण्याची वंशावळ करायची म्हणून तिने तारकर्लीहून आजी सीताचा मृत्यूचा आणि वडील भिकाजींचा जन्माचा दाखला मागवला होता.

"बाबा अंगावर पीत असतानाच आजी गेली, असं आम्ही ऐकत आलो. कागदावर मात्र ती बाबांच्या जन्माआधी चार वर्षं गेली आहे!"

"आजवर कुणाच्याच लक्षात आलं नाही?" ऋताने विचारलं.

"ती गेल्याचं सालच कुणाला माहीत नव्हतं. श्राद्ध दर वर्षी अविधवा नवमीला होतं, त्याला साल कशाला लागतं?"

ऋताने जन्माचा दाखला उचलला. वडील विश्राम मोंडकर. आईच्या नावाचा रकाना कोरा.

"पुढच्या आठवड्यात नवमी आहे," भक्ती म्हणाली. "बाबा विचारतात, पान कुणाच्या नावाने वाढू? घरात तुळसाआजी आहे, पण ती सावत्र. बाबांना तिने कधी आई म्हणू दिलं नाही. मावशीच म्हणायला लावलं."

"सोपं आहे," विश्वेश म्हणाला. "सीता मोंडकर नावाच्या दोघी असणार. आपल्याला दुसरीचा दाखला मिळाला."

ऋता तो कोरा रकाना पुन्हा पुन्हा पाहत राहिली. हे लक्षण त्याला मुळीच आवडत नसे.

तारकर्लीला भिकाजी ओट्यावर बसले होते. साठी ओलांडलेला धिप्पाड माणूस, पण दोन कागदांनी पार खचला होता.

"माका इतक्याच सांगा," ते म्हणाले. "मी कोणाचो?"

मागच्या अंगणात तुळसा केरसुणीसाठी माडाच्या झावळीचे हीर काढत होती. वय ऐंशीच्या पुढे. गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा छोटा टाक होता, झिजून गुळगुळीत झालेला.

"सवतीचो," ऋताची नजर पाहून ती म्हणाली. "तिची बाधा होव नये म्हणान लग्नात घातल्यानी. काढूचो नसता."

"सीताबाई असताना तू ह्या घरात होतंस?"

"नाय गो. ती गेल्यार मी इलंय, वाडीसून." वाडी म्हणजे सावंतवाडी.

"आणि भिकाजी लहानपणी कसो होतो?"

"पायाळू. रडाकच नाय. सुईणीन पाठीर थापटी मारल्यान. मगे माका म्हणता, घाबरा नको गो, जगतलो ह्यो." तुळसाने जीभ चावली आणि ती पुन्हा हीर काढू लागली.

तिथून स्कूटर निघाली ती पिंगुळीला, सीताच्या माहेरी. तिचा भाचा बाबली आता सत्तरीचा होता.

"आत्येक पोर?" त्याने मान हलवली. "आमची आजी वाट बघान दमली. पयला बाळांतपण म्हायेराक होवक व्हया ना! ती कधी इलीच नाय."

"काहीतरी लपवतोय हा," बाहेर पडल्यावर विश्वेश कुजबुजला. "आत्याला वारस निघाला तर वाटा मागेल ना!"

"वाटा कुणी मागितलाय?" ऋता म्हणाली. "चल सावंतवाडीला."

तिथे तिने अर्ज केला, तसाच एक तारकर्लीलाही केला. अर्जात सीताचं नाव कुठेच नव्हतं. वडील विश्राम मोंडकर, मृत बालक, आणि मधली ती चार वर्षं. नवमीच्या आदल्या दिवशी दोन दाखले हातात आले, एक सावंतवाडीचा, एक तारकर्लीचा. दोन्हींवर लिहिलं होतं, बालक, नाव ठेवलेले नाही.

"आपल्याला सीता हवीय आणि तू पोरं कसली शोधतेस?" विश्वेश वैतागला.

ऋता थेट मोंडकरांच्या ओट्यावर गेली. सगळ्यांना बसवलं. तुळसा दाराआड उभी राहिली.

"सीताबाईंचा दाखला बरोबर आहे," ऋता म्हणाली. "दुसरी सीता नाहीच. चुकीची आहे ती घरात सांगितलेली गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि सीताबाई बाळंतपणाला पिंगुळीला कधी गेल्याच नाहीत. त्यांना मूल झालंच नाही."

"मग बाबा?" भक्तीने विचारलं.

"तुळसामावशींचं माहेर सावंतवाडी. म्हणून पहिलं बाळ मी तिथे शोधलं, दुसरं इथे. दोन्ही बारशाआधीच गेली. गावात काय बोलले असतील? मेलेली सवत पोरं नेते. म्हणून तिसरं झालं तेव्हा मावशींनी ते सवतीच्या पदरात टाकलं. तुझंच आहे, आता तूच राख. नाव ठेवलं भिकाजी, भीक मागून आणलेला. दाखल्यावर आईचा रकाना कोरा ठेवला आणि स्वतः मावशी झाल्या."

"हा नुसता तर्क आहे," विश्वेश म्हणाला.

"सुईण 'घाबरू नको' असं कुणाला सांगते, विश्वेश? बाळंतिणीला. सीताबाई असताना मावशी या घरात नव्हत्या. मग ते बोलणं त्यांनी कधी ऐकलं?"

विश्वेशला आपल्या घाईची लाज वाटली.

भिकाजी उठून दाराशी गेले. "आये..."

तुळसाने झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "म्हणा नको! ती ऐकात!"

भिकाजींनी तो हात हळूच बाजूला केला. "ऐकांदे. तिचा पान मी मरासर वाढतलंय. पण तू जित्ती आसस."

तुळसा रडू लागली. दोन गेलेल्या लेकरांसाठी, की समोरच्या ह्या एकासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग पदराने डोळे पुसून ती पुटपुटली, "एकदाच म्हण. हळू म्हण."

भिकाजींनी हाक मारली. हळू नाही मारली. कुंपणापलीकडची शेजारीण काय झालं म्हणून बघायला बाहेर आली.