वीस पावलांवरची गरम खोली

आमच्या मोहिमेचा हेतू एवढाच होता, की माझ्या धाकट्या दिरांना सूर्य पाहायचा होता! ऐकणाऱ्याला हसू येई. पण भावजी माशांच्या शीतगृहात कामाला. हिवाळ्यात उजाडण्यापूर्वी आत जायचं, अंधार पडल्यावर बाहेर यायचं. नऊ वर्षं हे असंच चाललेलं. त्यांनी कुठेसं वाचलं, की ध्रुववृत्तापलीकडे दोन महिने दडी मारून बसलेला सूर्य एका ठरावीक दुपारी डोंगरामागून डोकं काढतो, तेही अकरा मिनिटं. झालं! हिवाळ्याच्या सुट्टीत तिथेच जायचं, हा एकच विषय घरात उरला.

तीन महिने आमच्या बैठकीत नकाशा जमिनीवर अंथरलेला आणि आम्ही भिंतीच्या कडेकडेने चालतोय! माझे यजमान बस आगारात वेळापत्रकं आखतात. त्यांनी गोठलेल्या तळ्यावरची वाटसुद्धा थांब्यांत कापली. मुक्कामाच्या खोपटापासून खिंडीपर्यंत जाताना दर शंभर पावलांवर एक काठी रोवायची, तिला लाल फडकं. असे बेचाळीस थांबे. मी शाळेचे गणवेश शिवते, म्हणून फडकी आणि जाड हातमोजे माझ्याकडे आले.

रंगीत तालीम शीतगृहातच झाली. उणे पंचवीसमध्ये, खोक्यांच्या उंच रांगांमधून आम्ही सामानाची घसरगाडी ओढली. गुळगुळीत फरशीवर ती लोण्यासारखी सरकली आणि यजमानांनी खुशीत वेळा टिपून घेतल्या. तेवढ्यात दोराची गाठ अडकली. भावजींनी दातांनी हातमोजा ओढला, बगलेत धरला आणि उघड्या बोटांनी गाठ सोडवली.

"भावजी, तिथे असं काही करू नका हं."

"अहो वहिनी, नऊ वर्षं असंच करतोय. वीस पावलांवर गरम खोली आहे की!"

मी ऐकते होय? लहान मुलांना करतात तशा दोऱ्या मी त्यांच्या मोज्यांना लावून दिल्या, गळ्यात अडकवायला. त्यांनी त्या माझ्याच कात्रीने कापल्या. "मी काय बालवाडीत आहे?" मला राग आला. दोऱ्या मी शिवणाच्या डबीत टाकल्या.

निघण्यापूर्वी यजमानांनी एक नियम लिहिला आणि तिघांच्या सह्या घेतल्या: कोणीही 'वळा' म्हटलं, की सगळ्यांनी वळायचं. का म्हणून विचारायचं नाही.

आणि तो दिवस उजाडला, म्हणजे त्या भागात जेवढं उजाडतं तेवढं. निळसर उजेड, उणे तेहेतीस आणि समोर पांढरंशुभ्र, मैलभर रुंद तळं. घसरगाडी घसरेचना! इतक्या थंडीत बर्फ वाळूसारखा होतो, हे आमच्या फरशीने आम्हाला शिकवलं नव्हतं. विसाव्या थांब्यालाच आम्ही अर्धा तास मागे पडलो. यजमान घड्याळ पाहून चरफडू लागले.

मग वारा सुटला.

तिसाव्या थांब्याजवळ गाडीचा दोर अडकला. आम्ही दोघं पुढे होतो. मागे भावजींनी काय केलं, ते मला नंतर कळलं. दातांनी मोजा ओढला. बगलेत धरला. वाऱ्याचा झोत आला. मोजा गेला! भावजींनी उघडा हात खिशात घातला आणि ओरडले, "चला, चला!"

अडतिसाव्या थांब्यावर खिंडीमागचं आभाळ नारिंगी झालं. उरले चार थांबे आणि दहा मिनिटं! मी आनंदाने मागे पाहिलं आणि एकदम जाणवलं, की आमच्या बडबड्या भावजींनी बराच वेळ मला चिडवलेलं नाही.

"हात दाखवा."

"आधी सूर्य, मग हात."

मी मनगट धरून ओढलंच. चार बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. मी चिमटा काढला. "दुखतंय?"

"काहीच नाही."

मी यजमानांकडे वळून ओरडले,

"वळा!"

"वहिनी, चारच थांबे हो! मी नऊ वर्षं..." त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. मलाही तो सूर्य हवाच होता!

"वळा म्हटलं ना!"

यजमानांनी घड्याळाकडे न बघता गाडी फिरवली. शेवटचा थांबा न गाठता परतायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. त्यांनी कोटाची बटणं काढली आणि भावाचा हात आपल्या उघड्या बगलेत दाबून धरला. बोटं मऊ पडेपर्यंत दोघं तसेच उभे. मग मी त्यावर लोकरीचे दोन-दोन मोजे चढवले, पायातले. आम्ही निघालो.

वाऱ्याने उडवलेल्या बर्फात एकेक काठी शोधत होतो. यजमान मोजत होते. "एकोणीस... अठरा..."

सतरा नव्हता!

पुढे नुसतं पांढरं. मी गाडीवरचा लांबलचक दोर कमरेला बांधला. दोघं त्याचं दुसरं टोक घेऊन अठराव्या काठीला धरून राहिले आणि मी दोर संपेपर्यंत गेले. डावीकडे सरकले. काही नाही. उजवीकडे सरकले. पाय अडखळला. आडवी पडलेली काठी! लाल फडकं! मी स्वतःच्याच टाक्यांवर गाल टेकवला आणि जिवाच्या आकांताने हाक मारली.

खोपटात कोमट पाण्यात हात बुडवल्यावर बऱ्याच वेळाने भावजी कळवळून ओरडले. बोटांत जीव परतत होता. मी हमसून हमसून रडले. ती अकरा मिनिटं केव्हाच संपली होती.

"वहिनी," ते दात आवळून म्हणाले, "त्या दोऱ्या टाकल्या तर नाहीत ना?"

दुसऱ्या दिवशी न्यायला आलेल्या गाडीने आम्ही थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटं वाचली, पण आता काही आठवडे थंडीत जायचं नाही. सुट्टी संपली.

भावजी कामावर रुजू झाल्यानंतरची गोष्ट. ते डबा विसरले, म्हणून भर दुपारी मी शीतगृहात गेले. गरम खोलीत सगळे जेवत होते, भावजी तेवढे नव्हते.

"बालवाडी ना?" मुकादम हसले. "ते हल्ली फाटकाबाहेर असतात."

भावजी भिंतीला पाठ टेकून उन्हात उभे होते, डोळे मिटून. गळ्यात दोऱ्या आणि दोऱ्यांना मी शिवलेले नवे हातमोजे. चाहूल लागताच त्यांनी एक डोळा उघडला.

"वहिनी, मी मोजलं. गरम खोलीपासून फाटक आणखी तीसच पावलं आहे."

मी डबा खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.