मुकी डबी

"हात दुखून राहिले माझे! आता कोणी पाणी मागितलं तरी मी उठणार नाही," असं म्हणत रितिका कूलरसमोर आडवी झाली. चुलतभाऊ पियूष आणि धाकटी बहीण अस्मिता आधीच सतरंजीवर पसरले होते.

उन्हाळ्याची सुट्टी! आणि ही तिघं नागपूरजवळच्या बेसाच्या मंगल कार्यालयात, घरच्याच लग्नात राबत होती. पाहुण्या बायकांना द्यायला आरसे लावलेल्या छोट्या दागिन्यांच्या डब्या आणल्या होत्या. प्रत्येकीत एक सुपारी टाकायची आणि जेवणं झाली की वाटायच्या. ते काम नुकतंच संपलं होतं.

तेवढ्यात नवरी, म्हणजे श्वेताताई, धावत आली. डोळे भरलेले.

"आईची नथ कुठे आहे? ती घातल्याशिवाय मी सासरी जाणार नाही!"

तिची आई आता नव्हती. ती नथ तेवढी उरली होती.

"घाबरू नको वं!" लग्नाची सगळी व्यवस्था पाहणारे रुपरावकाका ऐटीत म्हणाले. "चोर कपाटच पाहतात. म्हणून म्या एका डबीतली सुपारी काढली, नथ कापसात गुंडाळून आत कोंबली अन् डबी वाटायच्या ढिगात ठेवली. कोणाच्या बापालेही सापडत नाही!"

"काका," पियूष थकल्या आवाजात म्हणाला, "तो ढीग आम्ही वाटला."

काका मटकन खुर्चीत बसले. मग पुटपुटले, "व्याह्यांले सांगू नका, इज्जत जाईल!"

"पण बायका ही डबी उघडतही नाहीत," रितिका म्हणाली. "तशीच पुढच्या लग्नात कोणाले तरी देतात. नथ फिरत फिरत पार खापा गावाले जाईल!"

पियूष उठला. "कापसातली नथ खुळखुळणार नाही. माईकवर सांगू का? ज्यांची डबी वाजत नाही, त्यांना स्टीलचा डबा!"

"येडा आहेस का बे?" रितिका म्हणाली. "सगळ्या सुपारी काढून खातील! उलटं सांग!"

पियूषने माईक घेतला. "ज्यांची डबी वाजते, त्यांना रुपरावकाकांकडून स्टीलचा डबा बक्षीस!"

"माझ्याकडून? काहून?" काका ओरडले. पण जेवून घोरणारं कार्यालय ताडकन जागं झालं होतं. खुळखुळ! खुळखुळ! बॅंडवाल्यांना वाटलं, इशारा झाला. त्यांनी दणक्यात नागिन धून सुरू केली, आणि झोपेतून उठलेले व्याही डोळे मिटूनच नाचू लागले!

त्या गोंधळात नवरदेवाची आत्या, पार्वतीबाई, तणतणत आली. "माझीच काहून वाजत नाही? नवरदेवाकडची म्हणून मुकी डबी देल्ली काय मले?"

"चुकलं आत्या, ही घ्या!" अस्मिताने चटकन ती डबी काढून घेतली आणि स्वतःसाठी ठेवलेली सुपारीची डबी तिच्या हातात दिली. पार्वतीबाईने ती कानाशी हलवली आणि खूश होऊन ती बक्षिसाच्या रांगेत उभी राहिली.

रितिकाने मुकी डबी उघडली. कापूस... आणि कापसात नथ!

श्वेताताईने नथ नाकात घातली आणि तिघांना एकदम कवेत घेतलं. "तुम्ही नसता तर मी आज रडतच गेली असती रे!"

"शाबास! पोरं नाही, सीआयडी आहे!" काकांनी पाठ थोपटली. "मागा, काय पाहिजे ते!"

"झोप!" तिघं म्हणाली, आणि पुन्हा सतरंजीवर पसरली.

काका वळले. डब्या खुळखुळवत बायकांची रांग फाटकापर्यंत गेली होती.