दाताखालची साखर

"थुंक! आधी थुंक ते!" आगातीना ओरडली.

कोराडोनं उलट गिळूनच टाकलं. "का? चॉकलेटच तर आहे!"

"मिनिकाआत्याचं चॉकलेट असं लोण्यासारखं सरकतं का कधी घशात?"

मोदिका गावच्या चढावरल्या दुकानात मिनिकाआत्या साठ वर्षं दगडी पाट्यावर कोको वाटत आली होती. तिचं चॉकलेट रवाळ! ईस्टरची सुट्टी लागली, की आगातीना, तिचा भाऊ कोराडो आणि शेजारची वेनेरा तिथंच पडीक.

आत आत्याचे भाचे, दुकानाचे मालक नूच्चोकाका, गरजत होते. "गिऱ्हाइकं माल परत करतायत, आत्या! तुझ्या हातात आता दम नाही. उद्यापासून पाटा बंद!"

त्या आवाजानं चर्चवरची कबुतरं उडाली. एक तर म्हणे थेट समुद्रापार माल्टाला जाऊन बसलं!

आणि आत्या? तिनं एप्रनची गाठ सोडली. "खरंय बाबा. हातच थकले."

आगातीनाची कानशिलं तापली. "दाणा हातात नसतो, साखरेत असतो! चला रे!"

तिघं कोठीत घुसली. आत्याचा खांदा दुखायला लागल्यापासून काकाच इथून साखर काढून कोकोत घालून देत. आगातीनानं पिंपात मूठ घातली. हात पांढराफटक, दाणा एक नाही!

"पिठी साखर!" वेनेरा किंचाळली. कोराडो असा शिंकला, की कोठीत बर्फ पडला.

काका धावत आले. "दाणेदार संपली होती, म्हणून आणली! साखर ती साखर. आणि रवाळ म्हणजे शेवटी वाटणाऱ्या हाताची कचकचच ना?"

"कचकच वाळूची!" आगातीना उसळली. "रवाळ म्हणजे दाणा दाताखाली येतो आणि चावेपर्यंत गोड होऊन जातो. चूक तुमची, आणि म्हातारी ठरली आत्या?"

वेनेरानं घरून दाणेदार साखर आणली. आत्यानं बाह्या सरसावल्या. पाटा घरघरला. थोड्या वेळानं काकांनी एक तुकडा तोंडात टाकला. कुर्रर्र! त्यांची मान खाली गेली.

"चुकलो, आत्या. पोरांनी डोळे उघडले माझे."

"शाब्बास रे माझ्या वाघांनो!" आत्यानं एप्रनची गाठ घट्ट मारली. "नूच्चो, पोती तू उचल. साखर मात्र यापुढे ही पोरं बघतील!"